ऑल्टो के१०: अ‍ॅव्हरेजच्या आधी रुंदी मोजा

सदाशिव पेठेतली गल्ली, दोन्ही बाजूंना दुचाक्या लावलेल्या, समोरून टेम्पो आत शिरलेला आणि मागे रिक्षावाल्याचा हॉर्न. अशा जागी गाडीचा टचस्क्रीन किती इंची आहे हे कुणी विचारत नाही. मारुतीच्या ऑल्टो के१०ची रुंदी १४९० मिलिमीटर आहे, आणि शहरात वापरायची गाडी म्हणून तिच्यात घेण्यासारखं जे काही आहे त्यात हा आकडा पहिला. २४.३९चं अ‍ॅव्हरेज त्यानंतर.

सरकारच्या लेखी लहान गाडी म्हणजे ४ मीटरपर्यंत लांब आणि १२०० सीसीपर्यंतचं पेट्रोल इंजिन. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी १८ टक्क्यांवर आला तो या मापाच्या गाड्यांसाठी. पण या व्याख्येत रुंदीचा उल्लेखच नाही, त्यामुळे साडेसतराशे-अठराशे मिलिमीटर रुंदीच्या छोट्या एसयूव्हीसुद्धा कागदावर ‘लहान’ ठरतात. जपानमध्ये केई, म्हणजे सर्वांत लहान वर्गातल्या गाड्यांचा नियम जास्त नेमका आहे: ३.४ मीटर लांबी, १.४८ मीटर रुंदी, ६६० सीसी. आपली ऑल्टो त्या मापापेक्षा १३ सेंटिमीटर लांब आणि फक्त १ सेंटिमीटर रुंद आहे. मूळ ऑल्टो १९७९ साली जपानमध्ये याच वर्गात जन्मली, त्याचा वारसा रुंदीत अजून टिकून आहे.

आता हे मिलिमीटर पार्किंगमध्ये मोजू. सोसायटीत आखलेली जागा २.३ मीटर रुंद असेल तर ऑल्टो मधोमध लावल्यावर दोन्ही बाजू मिळून ८१ सेंटिमीटर उरतात. १.७९ मीटरची एसयूव्ही त्याच जागेत लावली तर उरतात ५१. दार उघडून धडधाकट माणसाला बाहेर पडायला ५५-६० सेंटिमीटर लागतात. म्हणजे ऑल्टो डावीकडे जरा सरकवून लावली की ड्रायव्हर सरळ उतरतो, आणि एसयूव्हीवाला पोट आत ओढून, शेजारच्या गाडीला दार न लागेल अशा बेताने. त्या शेजारच्या गाडीवर ओरखडा उठला की पुढे सोसायटीच्या ग्रुपवर काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. वर्गातल्या इतर गाड्या बघा: एस-प्रेसो १५२०, क्विड १५७९, वॅगन-आर १६२०, सेलेरिओ १६५५ मिलिमीटर. हे सगळे आकडे आरसे सोडून असतात हे ध्यानात ठेवा. गल्लीत अडकल्यावर आधी आरसे आत घ्यायचे, मग स्टिअरिंग फिरवायचं.

वळण्याची त्रिज्या ४.५ मीटर आहे. याचा अर्थ यू-टर्नला ९ मीटर मोकळा रस्ता हवा. दोन लेनचा ७ मीटरचा रस्ता एका दमात वळत नाही, एकदा रिव्हर्स घ्यावाच लागतो. ३५३० मिलिमीटर लांबीमुळे तो रिव्हर्स आखूड असतो, एवढंच.

रुंदी कमी म्हणजे आत दाटी, हे ओघानेच आलं. मागच्या सीटवर दोन मोठी माणसं आणि मध्ये एक लहान मूल, इथपर्यंत ठीक. तिघे मोठे बसले तर खांदे एकमेकांवर चढतात. डेक्कनवरून स्वारगेटला जाता येईल, महाबळेश्वरला नाही. ड्रायव्हर सहा फुटी असेल तर त्याच्या मागे बसणाऱ्याचे गुडघे सीटला टेकतात. ड्रायव्हर सीट वरखाली होत नाही, त्यामुळे बुटक्या माणसाला बोनेटचं टोक दिसत नाही. गाडी बघायला जाताना घरातला सर्वांत कमी उंचीचा चालवणारा सोबत न्यावा. गुडघ्यांचा त्रास असलेल्या आजी-आजोबांना या गाडीत वाकून बसावं लागतं. घरात तशी गरज रोजची असेल तर १६७५ मिलिमीटर उंचीची वॅगन-आर घ्या आणि रुंदीतले १३ सेंटिमीटर सोसा. तिथे ऑल्टोचा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

मागच्या काचा हाताने फिरवायच्या, वरच्या मॉडेलमध्येसुद्धा. मागे वायपर नाही. पावसाळ्यात मागच्या काचेवर चिखलाचा थर बसतो आणि रिव्हर्स घेताना आरशावरच भिस्त ठेवावी लागते. काचेला महिन्यातून एकदा पाणी न धरणारं लिक्विड लावलं तर थेंब वाऱ्याने उडून जातात. सोपा आणि स्वस्त उपाय.

डिकी २१४ लिटरची. एक मध्यम ट्रॉली बॅग आडवी आणि तिच्याशेजारी दोन मऊ पिशव्या, की संपली. तांदळाच्या २५ किलोच्या तीन गोणी बसतात, पण डिकीचा उंबरठा उंच असल्याने गोणी कंबरेपर्यंत उचलून आत टाकावी लागते, पाठ सांभाळा. मागची सीट एकसंध पडते. म्हणजे लांब सामान न्यायचं तर मागे कुणीच बसू शकत नाही. आठवड्याचा बाजार, शाळेची दप्तरं, विमानतळावर दोघांना सोडणं या कामांना जागा पुरते. चौघांची कोकण-ट्रिप असेल तर टपावर कॅरिअर बांधायचा मोह आवरा, त्याचं कारण पुढे येतं.

आता अ‍ॅव्हरेज. कंपनीचा दावा मॅन्युअलला २४.३९, एएमटीला (यंत्राने आपोआप गिअर बदलणारी) २४.९० किलोमीटर प्रतिलिटर, आणि सीएनजीला किलोमागे ३३.८५ किलोमीटर. इंजिन ९९८ सीसी, तीन सिलिंडर, ६७ पीएस. लोक या आकड्याला ‘एआरएआयचं अ‍ॅव्हरेज’ म्हणतात. कोथरूडच्या टेकडीवरच्या, गाड्या तपासणाऱ्या या संस्थेचं नाव पुण्याबाहेरही घरोघरी पोहोचलं ते याच कारणाने. पण ही चाचणी रस्त्यावर होत नाही. गाडी रोलरवर उभी करतात, एसी बंद असतो, ठरलेल्या क्रमाने वेग कमी-जास्त करतात आणि तो ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही. दोन गाड्यांची तुलना करायला हा आकडा उत्तम. तुमच्या पेट्रोल पंपाच्या बिलाशी त्याचा संबंध दूरच्या नात्यातला.

प्रत्यक्षात धरून चालावं असं गणित: एसी लावून गच्च ट्रॅफिकमध्ये १४ ते १६, वाहत्या शहरी रस्त्यांवर १७ ते १९, महामार्गावर ताशी ८० ला २२ ते २४. महामार्गावर शंभरला नेलं की परत १९-२०. वेग सव्वापट झाला की हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो, आणि लहान गाडीचं इंजिन तो विरोध तोडायला जास्त फेरे घेतं. टपावरचं कॅरिअर नेमकं इथेच नडतं. वर बॅगा बांधून शंभरने गेलात तर मोठ्या गाडीचं अ‍ॅव्हरेज आणि छोट्या गाडीची दाटी, दोन्ही एकदम मिळतं.

छोट्या गाडीच्या अ‍ॅव्हरेजमध्ये माणसागणिक एवढा फरक का पडतो, याचं कारण वजनात आहे. गाडीचं स्वतःचं वजन ७४० किलोंच्या आसपास. सत्तर किलोचे चौघे बसले की २८० किलो वाढले, म्हणजे जवळजवळ ३८ टक्के. १२०० किलोच्या गाडीत तेच चौघे २३ टक्के भर घालतात. त्यामुळे एकटा ऑफिसला जाणारा आणि रोज चौघांना घेऊन जाणारा यांचे आकडे कधीच जुळणार नाहीत, आणि दोघेही खरं बोलत असतात. डिकीत कायमची पडलेली पाण्याची बाटली-खोकी, जुनी वर्तमानपत्रं, क्रिकेटची बॅट वगैरे काढून टाका. या गाडीला वीस किलोही कळतात.

दुसरं कारण थंड इंजिन. सुरू केल्यावर पहिले दोन-तीन किलोमीटर इंजिन जास्त पेट्रोल घेतं. दूध, भाजी, मुलाचा क्लास असं दीड-दोन किलोमीटरचं चालवणं असेल तर इंजिन कधी नीट तापतच नाही आणि अ‍ॅव्हरेज १०-१२ वर येतं. यात गाडीचा दोष नाही. तीन कामं एका फेरीत करा. सकाळी गाडी सुरू करून पाच मिनिटं उभी ठेवायची जुनी सवयही सोडा. अर्धा मिनिट पुरे, मग पहिला किलोमीटर हलक्या पायाने. एसी लावून एका जागी उभं राहिलं तर तासाला साधारण पाऊण ते एक लिटर जातं, शाळेबाहेर रोज वीस मिनिटं थांबणाऱ्यांनी हा हिशेब करावा.

तिसरं, हवा. १४५/८० आर१३चे टायर अरुंद असतात, त्यात दोन-चार पीएसआय कमी झाले तरी डोळ्याला कळत नाही. किती हवा भरायची ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, आणि तो आकडा थंड टायरचा असतो. वीस किलोमीटर पळवून पंपावर गेलात तर मीटर दोन-तीन पीएसआय जास्त दाखवतो; पोऱ्या ती हवा सोडून ‘बरोबर’ करतो आणि घरी गार झाल्यावर टायर कमी हवेचा होतो. घराजवळच्या पंपावर, सकाळी, पंधरा दिवसांतून एकदा. स्टेपनीचीही.

पेट्रोलमध्ये मिसळलेल्या वीस टक्के इथेनॉलबद्दल बरीच आरडाओरड होते. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे २० टक्के मिश्रणात शुद्ध पेट्रोलपेक्षा साधारण ७ टक्के ऊर्जा कमी. आधीच्या १० टक्के मिश्रणाशी तुलना केली तर फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास. अ‍ॅव्हरेज अठरावरून थेट तेरावर आलं असेल तर दोष इथेनॉलमध्ये शोधू नका. अडकलेला ब्रेक, चोंदलेला एअर फिल्टर, घासत चाललेला क्लच, हे आधी तपासा. ब्रेक तपासायची साधी रीत: दहा किलोमीटर चालवून चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर तिथे ब्रेक धरून बसलाय.

अ‍ॅव्हरेज मोजण्यातही चुका होतात, आणि छोट्या टाकीत त्या मोठ्या दिसतात. टाकी २७ लिटरची. ऑटो-कटनंतर पंपवाल्याने अर्धा लिटर वर टाकलं आणि तुम्ही १० लिटरवर हिशेब काढला तर ५ टक्क्यांची चूक तिथेच झाली. पहिल्या कटला थांबायचं, ट्रिप मीटर शून्य करायचा, किमान ३०० किलोमीटर चालवायचं, त्याच पंपावर त्याच नोझलने पुन्हा पहिल्या कटपर्यंत. असं तीन वेळा करून सरासरी घ्या. डॅशबोर्डवरचा आकडा बहुतेक वेळा थोडा गोड बोलतो.

एवढं सगळं करून हाती काय येतं? महिन्याला ५०० किलोमीटर चालणाऱ्या गाडीचं अ‍ॅव्हरेज १७ वरून १९ वर आणलं तर ३ लिटर वाचतात. लिटरला १०४ रुपये धरले तर सव्वातीनशे रुपये, चौघांच्या मिसळीचं बिल. म्हणून ऑल्टो, एस-प्रेसो, सेलेरिओ यांच्यातल्या एक-दोन किलोमीटरच्या फरकावर वाद घालणाऱ्यांची गंमत वाटते. सेलेरिओच्या एका मॉडेलचा दावा २६.६८चा आहे, तो फरक भरून निघायला गाडीच्या किमतीतला फरक बघता बरीच वर्षं जातात. सेलेरिओ घ्यायची तर ३१३ लिटरच्या डिकीसाठी घ्या. खरी बचत वर्ग बदलण्यात आहे: शहरात १२ देणाऱ्या एसयूव्हीऐवजी १६ देणारी ऑल्टो घेतली तर त्याच ५०० किलोमीटरला दहा लिटर, म्हणजे हजाराच्या वर.

सीएनजीचं गणित चालण्यावर ठरतं. पेट्रोलवर १९ आणि १०४ रुपये लिटर धरा, म्हणजे किलोमीटरला ५ रुपये ४७ पैसे. सीएनजीवर २६ आणि ९२ रुपये किलो, म्हणजे ३ रुपये ५४ पैसे. वाचले १ रुपया ९३ पैसे. त्याच मॉडेलच्या पेट्रोल आणि सीएनजी गाडीत ८५ हजारांचा फरक धरला तर तो वसूल व्हायला ४४ हजार किलोमीटर लागतात. महिन्याला १५०० चालवणाऱ्याचे पैसे अडीच वर्षांत सुटतात, ५०० चालवणाऱ्याला सात वर्षं लागतात. तुमच्या गावचे दर घालून हेच गणित करून बघा. आणि २१४ लिटरची डिकी ५५ लिटरच्या सिलिंडरने जवळपास खाल्ली जाते, हे आकड्यांत येत नाही. एका खेपेला ७ ते ८ किलो गॅस भरतो. उन्हात तापलेल्या सिलिंडरमध्ये किंवा संध्याकाळी पंपाचा दाब पडलेला असताना त्याहून कमी. रात्री उशिरा किंवा पहाटे भरा, रांगही कमी असते. गाडी सुरू पेट्रोलवर होते आणि मग गॅसवर जाते, त्यामुळे पेट्रोलची टाकी अगदी कोरडी ठेवू नका. पाव टाकी असू द्या आणि महिन्यातून एकदा तीस-चाळीस किलोमीटर मुद्दाम पेट्रोलवर चालवा. सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, दर तीन वर्षांनी करावी लागते. तारीख उलटलेली असेल तर पंपावर गॅस मिळत नाही. गॅसवर ताकद ५७ पीएसपर्यंत उतरते. खंबाटकी किंवा खंडाळ्याच्या चढावर चौघे आणि एसी असतील तर दुसऱ्या गिअरवर यावंच लागतं. मोमेंटम गेल्यावर गिअर टाकण्यापेक्षा चढ सुरू होण्याआधीच खाली घ्या, आणि दमली वाटली तर दोन मिनिटं एसी बंद.

एएमटी घ्यावी का? रोज तासभर सिग्नल मोजत बसणाऱ्याने घ्यावी. डाव्या पायाला आराम आहे, अ‍ॅव्हरेजचं नुकसान नाही. मात्र हा टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे तेलाच्या जोरावर चालणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स नव्हे. आत साधाच क्लच आणि साधाच गिअरबॉक्स असतो, फक्त दाबणारा पाय यंत्राचा. गिअर बदलताना गाडी मान डोलावते. बदलाच्या क्षणी अ‍ॅक्सिलरेटर किंचित सैल केला की ते कमी होतं. चढावर थांबताना अ‍ॅक्सिलरेटर अर्धवट दाबून गाडी धरून ठेवणं हा या गाड्यांचा क्लच जाळण्याचा हमखास मार्ग. हँडब्रेक ओढा, पाय काढा, निघताना अ‍ॅक्सिलरेटर देत हँडब्रेक सोडा. पार्किंगच्या उताराच्या रॅम्पवर रांगेत उभं राहायची वेळ रोज येत असेल तर ही सवय पहिल्या दिवसापासून लावा. घाटात मॅन्युअल मोडवर टाका, नाहीतर गाडी दुसऱ्या-तिसऱ्यात घुटमळत राहते.

सुरक्षिततेबद्दल स्पष्ट: गाड्या आदळवून तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने २०२३ मध्ये तपासलेल्या ऑल्टो के१०ला मोठ्यांसाठी दोन तारे आणि मुलांसाठी शून्य मिळाले. ती दोन एअरबॅगची गाडी होती. २०२५ पासून सहा एअरबॅग सगळ्या मॉडेलमध्ये आल्या, हे चांगलंच, पण तो निकाल ज्या सांगाड्याचा होता तो सांगाडा तोच आहे. दर शनिवार-रविवार एक्सप्रेसवेवर मुलांना घेऊन जाणाऱ्या घराने ही गाडी घेऊ नये. ताशी शंभरला आडवा वारा आला किंवा शेजारून व्होल्वो बस गेली की ही हलकी, अरुंद टायरांची गाडी लेनमध्ये सरकते; स्टिअरिंग दोन्ही हातांत हवं.

पावसाळ्यात एक माप पाठ असू द्या. टायरची पूर्ण उंची ५६ सेंटिमीटर, अर्धी २८. साचलेलं पाणी चाकाच्या मध्याच्या वर दिसलं तर गाडी घालू नका. घातलीच आणि पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टची वेगळी जोड घ्यावी लागते. हिंदमाता किंवा सिंहगड रोडच्या आसपास राहत असाल तर ती घ्याच.

पेट्रोलची कटकटच नको असणाऱ्यांसाठी विजेवरची एमजी कॉमेट हा वेगळा रस्ता आहे. लांबी फक्त २९७४ मिलिमीटर, वळण ४.२ मीटर त्रिज्येत, बॅटरी १७.३ किलोवॅट-तासांची. २३० किलोमीटरचा दावा असला तरी १६० ते १८० धरून चाला. घरच्या ३.३ किलोवॅटच्या चार्जरवर सात तासांत पूर्ण भरते, नुकसान धरून २० युनिटच्या आत-बाहेर. युनिट ११ रुपयांचं असेल तर किलोमीटरला सव्वा-दीड रुपया. पण रुंदी १५०५, म्हणजे गल्लीत ऑल्टोपेक्षा सरस नाही. दारं दोनच, मागे बसायला पुढची सीट सरकवावी लागते, आणि मागची सीट न पाडता डिकी जवळपास शून्य. दुसरी गाडी म्हणून छान. तुमच्या मीटरवरून चार्जिंग पॉइंट घ्यायची लेखी परवानगी सोसायटीने दिल्याशिवाय बुकिंगचे पैसे भरू नका.

ऑल्टो घ्यायची ठरलीच तर एलएक्सआय सोडून व्हीएक्सआय बघा, पुढच्या काचांची बटणं आणि म्युझिक तिथून सुरू होतं. व्हीएक्सआय प्लसमध्ये जास्तीचे पैसे मुख्यतः सात इंची स्क्रीनचे जातात. फोन डॅशबोर्डवर लावायचा स्टँड तीनशे रुपयांत मिळतो. उरलेल्या पैशांत मागचा पार्किंग कॅमेरा, डिकीतली मॅट आणि बोनेटखाली उंदरांसाठी जाळी बसवून घ्या. आठवडा-आठवडा उभ्या राहणाऱ्या गाडीची वायर कुरतडली गेली की वायरिंगचा खर्च वर्षभराच्या पेट्रोल-बचतीवर पाणी फिरवतो.